बायपासचे खांब रोवले, आता काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात करवीर, हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा आणि कागल तालुक्यांतून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: शिवारातून बायपास जाणार म्हणतात आणि आम्हाला कोणी विचारलेलं नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : चार माणसं यंत्र आणि तिकाटणं घेऊन आमच्या उसात आली. बांधावर सिमेंटचा छोटा खांब रोवला, त्यावर नंबर घातला. विचारलं तर "सर्व्हे चाललाय" एवढंच उत्तर. तलाठी म्हणतात, आमच्याकडे काही कागद नाही. नोटीस येईपर्यंत थांबावं का? (करवीर तालुका)

थांबू नका. तुमच्या म्हणण्याला सर्वांत जास्त वजन आहे ते आत्ताच. नोटीस हातात पडते तेव्हा आखणी वरच्या समितीत मंजूर झालेली असते, गट नंबर ठरलेले असतात, खर्चाचा अंदाज बसवलेला असतो. मग रेषा शंभर मीटर सरकवायची म्हटली तरी सगळे नकाशे नव्याने काढावे लागतात आणि त्याला कुठलाही अधिकारी सहजी तयार होत नाही. कोल्हापूरकरांनी शहरातला टोल आंदोलन करून घालवला. पण तो लढा करार होऊन, रस्ते होऊन, नाके उभे राहिल्यावर द्यावा लागला, म्हणून तो इतका लांबला. करार होण्याआधीच सगळे कागद मागितले असते तर किती त्रास वाचला असता, हे त्या आंदोलनातल्या कुणालाही विचारा.

पहिलं काम, रस्ता कोण करतंय ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ लागतो. राज्याचा रस्ता असेल तर बहुधा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५. महापालिकेच्या किंवा नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या आराखड्यातला रिंगरोड असेल तर नगररचना अधिनियम १९६६, आणि तिथे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना ३० दिवस मिळतात. रस्ता दिसायला तिन्हीकडे सारखाच, पण अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा आणि मुदत किती, हे त्यावर ठरतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन मुदत घालवलेले लोक दर वेळी निघतात.

दुसरं, ती चार माणसं सरकारी नसतात. ती सल्लागार कंपनीची असतात. सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, बनवायचं काम त्या कंपनीकडे असतं. त्या अहवालात आखणीचे दोन-तीन पर्याय तपासून त्यांचा तुलना तक्ता द्यावा लागतो: लांबी किती, जमीन किती, पूल किती, घरं किती पडतात, खर्च किती. हा तक्ता मागा. माहिती अधिकारात अर्ज करताना "रस्त्याची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. नेमके कागद लिहा: पर्यायी आखण्यांचा तुलना तक्ता, वाहतूक मोजणीचा अहवाल, निवडलेल्या आखणीची संगणकीय नकाशा फाइल. ती फाइल मोबाइलवर गूगल अर्थमध्ये उघडते आणि रेषा तुमच्या विहिरीवरून जाते की चार वाव बाजूने, ते दिसतं. राज्याच्या कार्यालयाला अर्ज असेल तर एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा. केंद्राच्या कार्यालयाला ५०० शब्द चालतात. दोन्हीकडे फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महत्त्वाचा निर्णय घेताना लोकांवर परिणाम करणारी माहिती न मागताच प्रसिद्ध करावी, असं याच कायद्याचं कलम ४ सांगतं. अर्जात त्याचा उल्लेख करा.

तिसरं काम गावाने बसून करायचं. गावाचा गट नकाशा मोठा छापून घ्या. त्यावर रंगीत पेनाने पाणंदी, ओढे, उपशाच्या पाइपलाइन, सामाईक विहिरी, बांधावरची जुनी झाडं, स्मशान, म्हसोबा, पुरात पाणी कुठवर येतं, शाळेची पोरं कुठून रस्ता ओलांडतात, सगळं दाखवा. उपग्रहाच्या चित्रात जमिनीखालची दहा इंची पाइपलाइन दिसत नाही आणि सल्लागाराला ती कोणी सांगितलेली नसते. असा नकाशा आणि दोन पानांचं निवेदन रस्ता करणाऱ्या कार्यालयाला, प्रतिलिपी जिल्हाधिकाऱ्यांना आणि सल्लागाराला द्या. प्रत्येक ठिकाणी शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. साठ मीटर रुंदीचा रस्ता दर किलोमीटरला सहा हेक्टर, म्हणजे जवळपास पंधरा एकर रान घेतो. एवढ्या जमिनीसाठी दोन रविवार नकाशावर घालवणं जड नाही.

प्रश्न : बायपासचा भराव पंचगंगेच्या पूरक्षेत्रातून जाणार असं दिसतंय. आम्ही लिहिलं, "भरावामुळे गाव बुडेल." उत्तर आलं, "जलशास्त्रीय अभ्यास केलेला आहे." पुढे काय लिहायचं? (नदीकाठच्या गावातले वाचक, एकूण सहा पत्रं)

"गाव बुडेल" ही तुमची भीती रास्त आहे, पण कागदावर तिला आकडा लागतो. आकडा दिलात तर त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. पण राजाराम बंधाऱ्याची पातळी म्हणजे तुमच्या रानातली पातळी नव्हे. नदीला उतार आहे, आणि बंधाऱ्याच्या वर-खाली किलोमीटर दोन किलोमीटरवर पाण्याची उंची बदलते. सल्लागाराला तुमच्या जागेवरची पूरपातळी हवी असते. त्याने ती गावातल्या एखाद्या माणसाला तोंडी विचारून लिहिलेली असण्याची शक्यता भरपूर.

ती तुम्ही मोजून द्या. पहिल्या प्रश्नात आलेला नंबरचा खांब इथे कामाला येतो. त्या खांबाच्या माथ्याची उंची सल्लागाराच्या नोंदीत मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असते. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक खांबाजवळ, दुसरं शाळेच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेजवळ. अंतर जास्त असेल तर मध्ये खुंट्या ठोकून टप्प्याटप्प्याने जा आणि त्याच वाटेने उलट मोजत परत या. जाताना आणि येतानाच्या मापात दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. मग लिहायचं ते असं: "खांब क्रमांक अमुक, त्याच्या माथ्यापासून १.४२ मीटर वर २०१९ च्या पुराची खूण, प्राथमिक शाळेची पूर्व भिंत, सोबत फोटो." २०२१ ची खूण वेगळी. पाणी किती दिवस थांबलं तेही लिहा, कारण उसाचा प्रश्न दिवसांचा असतो. बुडख्याशी पाणी राहिलं तर ऊस तगतो. पोंग्यात गढूळ पाणी शिरून चार दिवस बसलं की तो गेला. भरावामुळे पातळी अर्धाच फूट वाढली आणि ओसरायला दोन दिवस जास्त लागले तरी शेकडो एकरांचा ऊस त्या अर्ध्या फुटात जाऊ शकतो.

आता भराव काय करतो ते. नदीच्या वाहण्याच्या दिशेला आडवा भराव आला की तो धरणाच्या भिंतीसारखा वागतो. पूर फक्त पात्रातून जात नाही, दोन्ही बाजूंच्या मळीच्या रानातूनही वाहतो. पूल फक्त पात्रावर बांधला आणि दोन्ही अंगांना भराव टाकला, तर रानातून वाहणारं सगळं पाणी पुलाच्या तोंडाशी यावं लागतं. वरच्या अंगाला फुगवटा चढतो, खालच्या अंगाला मोऱ्यांतून जोराने सुटलेलं पाणी रान खरडून नेतं. म्हणून भरावाच्या विरोधात फक्त वरची गावंच नाही, खालच्या गावांनीही बोलायला हवं. हे बहुतेक वेळा सुटतं.

तुमच्या निवेदनात हे चार प्रश्न नेमके विचारा. पुलाची रचना किती वर्षांच्या पुरासाठी केली आहे, आणि २०१९ व २०२१ चे पूर त्या हिशेबात आहेत का? पूर्ण पुरात भरावामुळे वरच्या अंगाला किती सेंटिमीटर फुगवटा धरला आहे आणि तो किती अंतरापर्यंत जातो? पूरक्षेत्राच्या एकूण रुंदीपैकी पाण्याला मोकळी वाट किती मीटर ठेवली आहे? आणि जलसंपदा खात्याच्या निळ्या व लाल पूररेषा आखणीच्या नकाशावर टाकल्या आहेत का? निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषा एकाच नकाशावर मागितल्यात की बाकीचं बरंच आपोआप दिसतं.

मागणी स्पष्ट ठेवा: निळ्या रेषेच्या आतला भाग भरावाऐवजी पिलरवर. ही मागणी कोल्हापुरात जुनी आहे आणि ती योग्य आहे. "पिलर महाग" हे उत्तर ठरलेलं. त्यावर भरावाचाही हिशेब मागा. सहा मीटर उंच भराव, माथा २६ मीटर, बाजूचा उतार एकास दोन धरला तर तळ ५० मीटर होतो. एका किलोमीटरला २ लाख २८ हजार घनमीटर माती, म्हणजे ८० हजार ब्रास. पाच ब्रासच्या डंपरने सोळा हजार खेपा. हा मुरूम कुठल्या डोंगरातून येणार, गावातल्या कुठल्या रस्त्याने येणार, आणि तळाच्या ५० मीटरची जमीन किती किमतीची, हे सगळं पिलरच्या बाजूला मांडलं तर फरक सांगतात तेवढा राहत नाही. पूर आल्यावर बंद पडणारा बायपास करून मिळवायचं तरी काय?

प्रश्न : पेपरात थ्री-एची जाहिरात आली म्हणे, आम्हाला आठ दिवसांनी कळलं. २१ दिवस कधीपासून धरायचे? सगळ्या गावाने एकच छापील हरकत दिली तर चालेल का? (हातकणंगले तालुका)

राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ए (थ्री-ए) खाली जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर होतो आणि त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक मराठी असतं. कलम ३सी प्रमाणे हरकतीला २१ दिवस. राजपत्राची तारीख आणि पेपरची तारीख यांत फरक असेल तर आधीच्या तारखेपासूनच मोजा आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी प्रांत कार्यालयात रांग असते आणि पोच द्यायला माणूस सापडत नाही. हरकत द्यायची सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जो बहुधा प्रांत किंवा भूसंपादनाचा उपजिल्हाधिकारी असतो. त्याचं पद जाहिरातीत लिहिलेलं असतं.

छापील हरकत चालते, पण तिच्यावर निर्णयही छापीलच येतो. पाचशे अर्जांना एका ओळीत "हरकत फेटाळली" असं उत्तर आलेलं अनेकांनी पाहिलं आहे. हरकत गटवार लिहा. वर नाव, गट नंबर, एकूण क्षेत्र, जाहिरातीतलं क्षेत्र. पहिला परिच्छेद जाहिरातीतल्या चुकांचा: गट नंबर चुकला, पोटहिस्सा नाही, बागायत असून जिरायत दाखवलं, मयताचं नाव आहे. दुसरा परिच्छेद त्या जागेच्या वापराबद्दल: विहीर मधोमध जाते, रानाचे दोन तुकडे होऊन पलीकडे नऊ गुंठे उरतात आणि तिथे जायला वाट नाही, ओढा बुजतो. तिसरा परिच्छेद पर्यायाचा: रेषा उत्तरेला पड रानातून इतके मीटर सरकवली तर हे वाचतं, सोबत नकाशा. शेवटी एक वाक्य न विसरता लिहा: "मला समक्ष सुनावणी हवी आहे." कायद्याने सुनावणी तुम्ही स्वतः किंवा वकिलामार्फत मागू शकता.

मोबदल्याचा दर या टप्प्यावर लिहून अर्धं पान घालवू नका. कलम ३सी जमिनीच्या वापराबद्दलच्या हरकतीचं आहे. दराची वेळ नंतर येते, आणि इथे दरावरच भर दिलात तर "रस्त्याला हरकत नाही, फक्त पैसे हवेत" असा अर्थ काढला जातो.

सुनावणीला जाताना हरकतीची पोच, ताजा सातबारा, आठ-अ, गट नकाशा आणि फोटो यांचे दोन संच न्या. तोंडी सांगितलेलं लिहून घेतलं जातं का ते बघा. रोजनाम्यावर सही करण्याआधी वाचा. प्राधिकाऱ्याचा आदेश कायद्याने अंतिम असतो, म्हणून त्यानंतर उरतो तो रिट अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्याने मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. मात्र आखणी कुठून जावी हे न्यायालय सहसा स्वतः ठरवत नाही, तज्ज्ञांवर सोडतं. सुनावणीच दिली नाही, हरकतीचं कारण तपासलंच नाही, जाहिरातीत जमिनीचं वर्णनच नाही, अशा चुका तिथे ऐकल्या जातात. तुमच्या पोच आणि तारखा तेव्हा उपयोगी पडतात. आणखी एक तारीख लिहून ठेवा: थ्री-ए पासून वर्षभरात कलम ३डी ची घोषणा झाली नाही तर थ्री-ए रद्द होतं. ३डी निघालं की मात्र जमीन सरकारची.

प्रश्न : ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. अधिकारी म्हणतात, त्याला किंमत नाही. (पन्हाळा तालुका)

कायद्याने संमती लागत नाही, हे खरं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही राष्ट्रीय महामार्गाला लागत नाही. पण ठराव वाया जात नाही, तो कसा लिहिलाय त्यावर आहे. "रस्त्यास तीव्र विरोध" या दोन ओळींपेक्षा "अमुक ओढ्यावर निदान इतकी रुंद मोरी, अमुक पाणंदीला भुयारी वाट, शाळेजवळ आवाजरोधक भिंत" असा मुद्देवार ठराव पुढे उपयोगी पडतो. गणपूर्ती झाल्याची नोंद आणि हजेरीच्या सह्या बघा, नाहीतर पहिला आक्षेप तिथेच येतो. शिवाय पाणी योजनेची टाकी, शाळा, स्मशान अशा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रेषेत येत असतील तर ग्रामपंचायत स्वतः हितसंबंधी आहे आणि २१ दिवसांत तिने वेगळी हरकत द्यायला हवी. आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकाही ग्रामपंचायतीने अशी हरकत दिल्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : आमची पाणंद आणि पाणीपुरवठा संस्थेची लाइन दोन्ही तुटणार. "अंडरपास देऊ" म्हणतात. कसा मागायचा? (शिरोळ तालुका)

"अंडरपास" हा शब्द एकटा ऐकून समाधान मानू नका, मापं मागा. चौपदरी महामार्गाच्या नियमावलीत मोठ्या वाहनांचा अंडरपास साडेपाच मीटर उंच, हलक्या वाहनांचा बारा मीटर रुंद आणि चार मीटर उंच, आणि त्याहून लहान सात मीटर रुंद व चार मीटर उंच. तुमच्या पाणंदीतून हंगामात काय जातं ते आधी मोजा. तोडीच्या दिवसांत काट्यावर जाणारी भरलेली ट्रॉली सपाट जागेवर उभी करा, बाजूला बांबू धरा, सर्वांत वरच्या वाढ्याच्या टोकाला खूण करा. अशा दहा ट्रॉल्या मोजा. चार मीटरला उंची टेकत असेल तर चार मीटरचा बोगदा तुम्हाला नको. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्यामुळे आत शिरताना आणि बाहेर पडताना वळण किती मोठं लागतं तेही बघा. बोगदा बरोबर आणि तोंडाशी काटकोनी सेवा रस्ता, अशी रचना केली की पहिल्याच हंगामात ट्रॉली भिंतीला घासते.

बोगद्याचा तळ आजूबाजूच्या रानापेक्षा खाली नको. उंची मिळवण्यासाठी तळ खणतात, मग जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे डबकं असतं आणि लोक महामार्गावरून उलट्या दिशेने गाड्या नेतात. अपघात तिथे होतात. तळ उंच ठेवा, नाहीतर पाणी आपोआप ओढ्याला जाईल असा निचरा नकाशात दाखवा, असं लेखी मागा. पंप बसवू म्हटलं तर मान्य करू नका. वीज गेली की पंप बंद.

पाइपलाइनचं आधी ठरवणं सोपं, नंतर जवळपास अशक्य. भराव पडल्यावर खालून पाइप न्यायचा तर परवानगी, बँक हमी, यंत्राने आडवं छिद्र, सगळंच महाग. म्हणून आत्ताच मागा: प्रत्येक ओलांडणीला तुमच्या पाइपच्या दीडपट ते दुप्पट व्यासाची ह्यूम पाइप (सिमेंटची मोठी नळी), रस्त्याच्या हद्दीबाहेर दोन्ही बाजूंना तपासणी चेंबर आणि पुढच्या वाढीसाठी एक जादा रिकामी नळी. जुनी लाइन तोडण्याआधी नवी जोडून पाणी सुरू करून दाखवावं, अशी अट घाला. मार्च ते मे मध्ये पंधरा दिवस पाणी तुटलं तर उसाचं काय होतं ते ठेकेदाराला माहीत नसतं. संस्थेच्या लेटरहेडवर लाइनचा नकाशा, व्यास, खोली, जॅकवेलची जागा आणि भिजणारं क्षेत्र लिहून द्या. सभासदांनी सुटे अर्ज दिले तर ओलांडण्या मोजल्याच जात नाहीत.

प्रश्न : जनसुनावणी झालीच नाही. ती बंधनकारक नाही का? (कागल तालुका)

सगळ्या बायपासना नाही. पर्यावरणाची जनसुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे होते. नवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर ती लागते. असलेल्या महामार्गाचं रुंदीकरण असेल तर लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि जादा जमीन जुन्या रस्त्यालगत ४० मीटरपेक्षा किंवा बायपासवर ६० मीटरपेक्षा रुंद असेल तेव्हाच. दहा-बारा किलोमीटरचा बायपास रुंदीकरणाचा भाग म्हणून दाखवला की तो यातून सुटतो. म्हणून माहिती अधिकारात विचारायचं ते हे: हा प्रकल्प कुठल्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे, त्याची एकूण लांबी किती, आणि पर्यावरण मंजुरी लागत नाही हे कुणी, कुठल्या पत्राने ठरवलं?

सुनावणी लागली तर नोटीस निदान ३० दिवस आधी पेपरात हवी, पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीत वाचायला ठेवलेला हवा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी हवेत आणि चित्रीकरण व्हायला हवं. हजर लोकांच्या संख्येची किमान अट नाही. पाच माणसं आली तरी ती सुनावणी झाली असं धरतात. त्यामुळे बहिष्कार घातला तर रिकाम्या खुर्च्यांची सुनावणी कायद्याने पुरी होते. जा, बोला, लेखी द्या, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवेपर्यंत उठू नका. मंजुरी मिळाल्यावर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात.

प्रश्न : माझं जुन्या हायवेवर हॉटेल आहे. बायपास झाल्यावर गिऱ्हाईक जाईल. मी हरकत घेऊ शकतो का?

तुमची जमीन जात नसेल तर ३सी खाली नाही. आखणीच्या टप्प्यावर निवेदन देऊ शकता, आणि मागावं ते मिळण्यासारखं: गावाच्या दोन्ही टोकांना सुरक्षित चौक, गावाचं नाव असलेले मोठे फलक, आणि जुना रस्ता राज्याकडे देण्याआधी डांबरीकरण व गटारं करून देण्याची लेखी हमी. नव्या बायपासला लागून बांधकाम करायचा विचार असेल तर थांबा. मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा असते. घाईत टाकलेलं शेड पाडावं लागतं.

प्रश्न : शेजारच्या तालुक्यात चौपट मिळाले, आम्हाला दुप्पट सांगतात. असं का?

फरक गुणकाचा. बाजारभावाला गुणकाने गुणायचं आणि तेवढाच दिलासा वर द्यायचा. गुणक २ असेल तर शंभराचे चारशे होतात, १ असेल तर दोनशे. राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी गुणक खाली आणला, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चोकाक ते अंकली टप्प्यातल्या शेतकऱ्यांची चौपटची मागणी त्यावरूनच होती. तुमच्या थ्री-एच्या तारखेला कुठला शासन निर्णय लागू होता ते निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, बघा. बाजारभावही त्याच तारखेचा धरतात, म्हणून आधीच्या तीन वर्षांतली गावातली आणि शेजारच्या गावातली मोठ्या किमतीची खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडून नकलांसह काढून दाव्यासोबत जोडा. निवाडा पटला नाही तर कलम ३जी(५) प्रमाणे लवादाकडे जाता येतं. पैसे उचलताना "हक्क राखून स्वीकारले" असं लिहून घ्या.

प्रश्न : संयुक्त मोजणीची नोटीस आली. गावाचं ठरलंय की मोजणी होऊ द्यायची नाही. मी काय करू?

गावाचा निर्णय समजतो, तरी आमचं मत वेगळं आहे. मोजणी अडवली की ती दुसऱ्या दिवशी बंदोबस्तात होते आणि मालक हजर नसताना झालेल्या पंचनाम्यात विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, झाडं यांतलं काहीतरी सुटतं. सुटलेलं पुन्हा घालायला वर्ष जातं. मोजणीला हजर राहणं म्हणजे संमती नव्हे. पंचनाम्यावर "आखणीबाबतची हरकत कायम ठेवून" असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करा.

आदल्या दिवशी सगळी यादी तयार ठेवा. झाडं मोजताना प्रत्येकाला चुन्याने नंबर घाला, जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहा. नारळ, आंबा, फणस फळ देणारे असतील तर तसं नोंदवा. विहिरीचा व्यास, खोली, बांधकाम दगडी की सिमेंटचं, मोटर किती अश्वशक्तीची, वीजबिलाची प्रत. जमिनीखालची पाइपलाइन दोन-तीन जागी उकरून उघडी ठेवा, कारण न दिसणारी लाइन लिहिली जात नाही. पीकपाहणीत ऊस लागलेला आहे का ते आधी तपासा. वारस नोंद राहिली असेल तर आजच अर्ज द्या. बहिणींची नावं मागे ठेवून नंतर पैसे वाटताना दिवाणी न्यायालयात अडकलेली प्रकरणं जिल्ह्यात कमी नाहीत. मोजणीदाराने रोवलेल्या खुणांचा बांधाच्या दगडापासून टेपने अंतर घेऊन फोटो काढा. खुणा नंतर नांगरटीत जातात आणि जास्तीचं रान कुठे गेलं ते दाखवायला तेवढाच पुरावा उरतो.